वऱ्हाडात उभी राहिलेली मुलगी

डोणगावच्या बसथांब्यासमोर चिंतामणचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, त्याची धाकटी बहीण सुहासिनी बसायची. गिऱ्हाइकांना ती क्वचितच दिसे. पण आसपासच्या कितीतरी मुली तिच्या पेन्सिलीमुळे उजवल्या, हे त्या मुलींच्या आयांना पक्कं ठाऊक होतं. मुलीच्या दाखवायच्या फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, ती तिरक्या मेजावर ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायची आणि टोकदार पेन्सिलीने गालावरचे देवीचे वण भरून काढायची. जास्तीचं काही असेल तर बारीक पात्याने खरवडायची. सावळ्या मुली गव्हाळ व्हायच्या, बसकी नाकं वर यायची. लग्नानंतर नवऱ्यांचं काय मत पडलं, ते सांगायला कुणी परत आलं नाही.

चिंतामणचं मात्र या पोटापाण्याच्या फोटोंत मन नव्हतं. त्याला दगडांचं वेड होतं. सुट्टी मिळाली की कॅमेरा आणि तिपाई उचलून तो कुठल्या तरी माळावर निघून जायचा. माणसं फोटोत खोटं हसतात, दगड हसत नाहीत, असं तो म्हणायचा. असल्या बोलण्याने घरात पीठ येत नाही, असं त्याची बहीण मनातल्या मनात म्हणायची आणि पेन्सिलीला टोक काढायची.

जानेफळच्या पलीकडे एक उजाड माळ आहे. बैलगाडीची चाकोरीही तिथवर जाता जाता विरून जाते. पाणी नाही, झाड नाही, गुराख्यांनीसुद्धा टाकून दिलेली जागा. त्या माळावर माणसापेक्षा उंच काळे दगड ओळीने उभे होते. लोक त्यांना ‘वऱ्हाड’ म्हणत. कपाळ पुढे आलेला, बाशिंग बांधल्यासारखा दिसणारा तो नवरदेव. त्याच्यामागे फुगल्या पोटांचे पाहुणे आणि शेवटी वाकलेले वाजंत्री. म्हणे कुण्या काळी नवरीच्या गावाला निघालेलं हे वऱ्हाड माळावर मानपानावरून भांडत बसलं. गूळपाणी आधी मामाला द्यायचं की काकाला, एवढंच कारण. भांडता भांडता मुहूर्त टळला आणि सगळे होते तिथेच दगड झाले. नवरी तिकडे आपल्या गावी हळद लावून वाट बघत बसली. म्हणून या वऱ्हाडात सगळे आहेत, नवरी तेवढी नाही. आणि म्हणूनच त्या भागातली माणसं लग्नाच्या मुलीला माळाकडे फिरकू देत नसत. वऱ्हाड अजून नवरी शोधतंय, असं म्हणत.

ही गोष्ट चिंतामणलाही ठाऊक होती. ती सांगून तो हसायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. सुहासिनीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुलगा शरच्चंद्र, बुलढाण्याला कोर्टात कारकून. बघायच्या दिवशी सगळे पोहे खात असताना त्याने हळूच विचारलं होतं, “रिटचिंग म्हणजे नेमकं काय करता हो तुम्ही?” आणि तिने सांगितलं ते सगळं त्याने ऐकून घेतलं होतं. तिला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यावर ती खूश होती. त्याच खुशीत ती एका रविवारी भावाबरोबर माळावर गेली.

गाडी माळाजवळच्या गावच्या पोलीस पाटलांची, किसनरावांची होती. ते स्वतःच हाकत आले होते. उन्हं कलती झाली तसे दगड एकाएकी अंग धरून उभे राहिले. चिंतामणने काळा कपडा डोक्यावर घेतला आणि बहिणीला हाक मारली.

“सुहास, नवरदेवाच्या डाव्या बाजूला उभी राहा. हलू नकोस.”

“दादा, दगडच काढायचे तर मी कशाला?”

“शेजारी माणूस नसलं तर दगड केवढा ते कळतच नाही गं.”

किसनराव बैलांपाशी उभे होते. ते अस्वस्थ झाले. “फोटोवाले, पोरीले तेथी काऊन उभी करून राह्यले? मीच राह्यतो ना उभा.”

“तुमचा कोट काळा, दगडही काळे. तुम्ही दिसणारच नाही. तिची मोतिया साडी कशी उठून दिसते बघा.”

सुहासिनी डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. दगड दिवसभर तापला होता, तो खांद्याला उबदार लागला. तिला हसू आलं आणि ते तसंच काचेवर उतरलं.

फोटो अप्रतिम निघाला. चिंतामणने आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो, हे वैऱ्यालाही कबूल करावं लागलं असतं. त्याने तो मोठा करून रस्त्याकडच्या शोकेसमध्ये लावला. येणारी जाणारी माणसं थांबून बघायची आणि न बोलता पुढे जायची. ही आपली वाहवाच, असं चिंतामणला वाटलं.

शरच्चंद्राची आई सरस्वतीबाई लग्नाची बोलणी करायला बुलढाण्याहून आल्या. त्यांचं माहेर नेमकं जानेफळचं. बसमधून उतरल्या त्या शोकेससमोरच. तिथून हलेनात. मग आत आल्या आणि खुर्चीत न बसताच बोलल्या.

“मुलगी चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण तो फोटो खाली उतरवा आणि त्याची काच फोडून टाका. म्हणजे झालं गेलं मी विसरून जाईन.”

“काय झालंय असं?” चिंतामणने विचारलं.

“वऱ्हाडात उभी राहिलीय ती. डाव्या अंगाला. माझा मुलगा दुसरा नवरा का?”

खरं तर बाई तडजोड करत होत्या. त्यांना लग्न हवं होतं. कुणीही शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं, फोटो उतरवला असता आणि लग्नानंतर हवा तर पुन्हा लावला असता. पण चिंतामणने डोक्यात राख घालून घेतली.

“फोटो आहे तसा राहील,” तो म्हणाला. “दगडांना घाबरणाऱ्या घरात मला बहीण द्यायची नाही.”

मधल्या दाराच्या पडद्यामागे सुहासिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. सरस्वतीबाई गेल्या. चहा निवला. शरच्चंद्राने पुढच्याच हंगामात दुसरीशी लग्न केलं, आणि त्यानेही कधी काही विचारलं नाही.

मग मुलगी वऱ्हाडात उभी राहिलीय अशी बोलवा उठली. स्थळं यायची, थांब्यावर उतरायची, पानाच्या ठेल्यावर कुणी तरी कानाला लागायचं आणि पाहुणे परतीच्या बसने जायचे. शोकेसमधला फोटो उन्हाने पिवळा पडला, तरी चिंतामणने तो काढला नाही. काढला असता तर आपण चुकलो असं झालं असतं. बहिणीचं वय वाढत होतं, ते त्याला दिसत होतं. पण तत्त्वाची गोष्ट होती ना! भावाच्या तत्त्वापायी बहीण बसून राहिली, आणि बसल्या बसल्या दुसऱ्यांच्या मुलींचे वण भरत राहिली. आतून ती किती जळत होती, हे फक्त तिच्या पेन्सिलींना कळत असेल. रोज एखादी तरी मोडायची.

बहात्तरचा दुष्काळ आला. माळाजवळ रस्त्याचं काम निघालं. उपाशी माणसांना खडी फोडायला दगड हवा होता आणि दगड तर ओळीने तयार उभा होता. नवरदेव, पाहुणे, वाजंत्री, सगळे सुरुंगाने पाडले आणि हातोड्यांनी फोडले. पोटात आग असताना कुणाला शाप आठवत नाही. आठवतो तो पोट भरल्यावर.

पाऊसपाणी नीट झालं, घरात दाणे आले, तेव्हा गावाला आठवलं. दोन-तीन सोयरिका मोडल्या, एका नवरदेवाला हळदीतच ताप भरला, आणि वऱ्हाड कोपलं असं ठरलं. किसनराव डोणगावला आले. आता थकले होते.

“फोटोवाले, गावातली सोयरीकच जमून नाही राह्यली. वऱ्हाडाची पूजा घालाची हाय, पर दगड कोठी उरला? तुमच्यापाशी फोटो तेवढा हाय. मोठा करून द्या, ओटा बांधून बसवतो.” मग त्यांनी मान खाली घातली. “पर त्याच्यात ताई हायेत. देवात माणूस कसं चालन? तेवढं काढून टाका.”

“फोटो आहे तसा राहील,” चिंतामण म्हणाला. तेच वाक्य, तोच आवाज. “एक रेघ बदलणार नाही.”

सुहासिनी मागच्या खोलीतून बाहेर आली. कपाट उघडून तिने ती काच काढली.

“सुहास, ठेव ती.”

“दादा, तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आता मी तुला विचारत नाही.”

ती खिडकीशी बसली, काच मेजावर ठेवली, आरसा फिरवला. काचेवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. मोतिया साडीतली ती हसरी मुलगी तिथे गडद उमटली होती. पेन्सिलीने भरून तिला आभाळात मिळवून टाकता आलं असतं. सुहासिनीने पातं घेतलं. पदरापासून सुरुवात करून ती सावकाश खरवडत गेली. छापल्यावर तिथे काळा दगड दिसेल, एवढं तिला माहीत होतं. तोंड तिने शेवटी घेतलं.

छापलेल्या फोटोत नवरदेवाच्या डाव्या अंगाला एक लहानखुरा दगड जास्तीचा उभा होता.

पूजेच्या दिवशी किसनरावांनी भावाबहिणीला मानाने गाडीत घालून नेलं. माळाच्या कडेला नवा ओटा, त्यावर काचेच्या चौकटीत फोटो. किसनरावांची बायको कलाबाई हळदीचं ताट घेऊन पुढे झाली आणि थबकली.

“अव माय! हे पाहा, नवरी! डाव्या अंगाले उभी हाय. इतके वर्सं दिसली कशी नाही?”

बाया पुढे लोटल्या. एका म्हाताऱ्याने शपथेवर सांगितलं की तो लहानपणापासून नवरीला बघत आलाय, फक्त कुणी विचारलं नाही म्हणून बोलला नाही. चिंतामणने तोंड उघडलं, बहिणीकडे बघितलं आणि मिटलं. बाया एकेक करून त्या दगडाला हळद लावू लागल्या. कुणी गाणं धरलं. काच पिवळी होत गेली.

सुहासिनी अगदी पुढे, ओट्याला टेकून उभी होती. कलाबाईने ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि मायेनेच तिच्या दंडाला धरलं.

“ताई, तुमी जरा मांगं सरा. नवरीची हळद हाय, बिनलग्नाची बाई मोरं नोको.”

सुहासिनी मागे सरली.