ड्रायवरचा सत्कार

आमच्या गावात म्हाताऱ्याला गप्प करायचं असलं की त्याचा सत्कार करतेत. मी ग्रामसभेत उठलो, "सकाळची बस आमच्यासाठी थांबत न्हाई" एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडायच्या आत गळ्यात हार, अंगावर शाल. लोक टाळ्या वाजवायलेत, पंचायतीचे अध्यक्ष पाया पडायलेत, आणि फोटो झाल्यावर मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "अप्पांचे आशीर्वाद असेच ऱ्हावेत." आशीर्वाद कशाचे डोंबलाचे, माझं डोकंच फिरलं. पुढच्या सभेला पुन्हा उठलो, पुन्हा शाल. बसचं तिथंच ऱ्हायलं आणि कपाटात शाली वाढायल्या.

फाट्यावर कॉलेजचं एखादं पोरगं उभं असलं की ही बस कचकन ब्रेक मारते. आम्ही म्हातारे उभे असलो की ड्रायवर पलीकडच्या तुरीकडं बघत सुसाट जातो. बायकांना तिकीट न्हाई, आम्हाला सूट, वर आमचे गुडघे. कामून थांबल तो? पण मला दर गुरुवारी बसवकल्याणला जायचं असतं. तिथं माझी थोरली अक्का एकटी ऱ्हाते. दाजी गेल्यापासून ती स्वतःपुरती चूल पेटवत न्हाई, चहात पाव बुडवते आणि झालं जेवण म्हणते. गुरुवारी मी जातो म्हणून भाकरी थापते, आणि मी येईपर्यंत घास घेत न्हाई. दुसरी बस थेट दुपारच्याला. म्हणजे ह्या बाबानं बस पळवली की माझी अक्का उपाशी. लागोपाठ दोन गुरुवार तसंच झालं, तवा मला फाट्यावरच रडू यायचं बाकी होतं.

माझा जोडीदार रिटायर मास्तर हाय. तो म्हणला, "हात दाखवल्यावर थांबत न्हाई व्हय? मग हार दाखवू."

गुरुवारी मी कपाटातली एक शाल घेतली, मास्तरानं झेंडूचा हार घेतला. गावातल्या दोघी म्हाताऱ्या पिशव्या धरून मागं उभ्या. बस दिसली तसा मास्तरानं हार उंच केला. थांबली की हो बस. हाराला पाठ दाखवणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्माला यायचाय.

ड्रायवर केस चापून खाली उतरला. मास्तर कन्नडात त्याचे गुण गायला लागला, मी शाल घातली, आणि तेवढ्यात दोघी म्हाताऱ्या कण्हत-कुथत वर चढल्या. आमचा डाव एवढाच होता. पण ड्रायवर म्हणला, "मी बी दोन शब्द बोलतो." आणि बोलतच सुटला. शेवटी एक म्हातारी खिडकीतून म्हणली, "भाषण आवर रे बाबा, टाइम व्हायलाय."

"तेच सांगायलोय, मावशी," तो म्हणला. "अठ्ठावन्न झाले मला. जरा टाइम चुकला की डेपोतली पोरं म्हणतेत, म्हातारा झाला, ह्याच्यानं आता गाडी हाकणं व्हत न्हाई. तुम्ही चढेपर्यंत टाइम जातो, म्हणून मी तुमच्याकडं बघतच न्हाई." त्यानं शालीच्या टोकानं कपाळ पुसलं, तर शालीला केसाचा काळा रंग लागला.

त्याला चार शिव्या हासडायच्या म्हणून मी तोंडात तयार ठेवल्या होत्या, त्या गिळल्या. लई वाईट वाटलं मला त्याचं. "चल, हाक," म्हणलं. "पुढच्या खेपेला आम्ही धोतर-पदर खोचून तयार ऱ्हातो, चटशिरी चढतो."

अक्काकडं पोचलो तर भाकरी अजून गरम होती. जेवता जेवता तिला सगळं सांगितलं. हसून हसून तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणली, "म्हातारा म्हणतेत त्याला? वय काय म्हणलास त्याचं?"

"अठ्ठावन्न."

"लेकरू हाय की मग," अक्का म्हणली, आणि त्याला बांधून द्यायला आणखी एक भाकरी थापायला बसली.