बीम चालू असतानाच्या गप्पा

आमच्या कामात एक गंमत आहे. मशीन बिघडलं की कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि मशीन नीट चाललं की कुणाला कामच नसतं. कंट्रोल रूममध्ये आकड्याकडे बघत बसायचं. किस्से साठतात ते असे.

चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्राजवळ आमची लॅब आहे. तिथे अ‍ॅक्सिलरेटर आहे, म्हणजे आयनांना प्रचंड वेग देऊन धातूवर आदळवणारं यंत्र. आयनांच्या त्या झोताला आम्ही बीम म्हणतो. अणुभट्टीतलं पोलाद वर्षानुवर्षं मारा सोसून कसं होईल, याचा अंदाज आम्हाला इथे काही तासांत येतो.

परवा कल्याणीची पाळी होती. ही आमची पीएचडीची विद्यार्थिनी. वडील रेल्वेत, त्यामुळे चेन्नईतच, एग्मोरला वाढलेली. मराठी छान बोलते, पण आकडे तमिळमध्ये मोजते. तिची फेलोशिप संपत आलेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. पोलादाची ही सॅम्पल्स आज झाली नाहीत तर थीसिस लटकलाच! सकाळपासून पोरीची नजर मीटरवर आणि नखं तोंडात. म्हणून मी आणि माधवरावांनी तिला किस्से सांगायला घेतले. माधवराव आमचे मुख्य ऑपरेटर. तंजावरच्या जुन्या मराठी घरातले, त्यामुळे शब्द जुन्या बखरीतले आणि हेल तमिळ.

*

पहिला मी सांगितला. पेरुंगुडीला आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर एक काकू राहतात. त्यांनी एकदा विचारलं, "तू नक्की काय करतेस गं?"

"चांगलं पोलाद घेते आणि मारा करून करून ते बिघडवते."

"मग?"

"मग किती बिघडलं ते बघते."

"आणि याचा पगार सरकार देतं?"

"हो."

काकूंनी वळून आत मुलाला हाक मारली. "ऐकलंस? नीट अभ्यास केला की असं होतं."

कल्याणी हसली, पण नजर मीटरवरच.

*

माधवरावांचा एक नियम आहे. बीमला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही. कुणी विचारलं, "बीम कसा आहे?" तर उत्तर एवढंच, "आहे."

एकदा दिल्लीहून एक मोठे प्रोफेसर आले. आकडा तासभर तसूभरही हलला नव्हता. ते खूश होऊन म्हणाले, "व्वा! इतका स्टेबल बीम मी कुठेच पाहिला नाही."

माधवरावांनी डोळे मिटले. बीम गेला.

प्रोफेसरसाहेब ओशाळले. संध्याकाळपर्यंत खटपट केली तेव्हा कुठे तो परत आला. निघताना ते दारात थांबले, मीटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "आहे." माणूस मोठा खरा.

*

मशीनचा मुख्य भाग एका मोठ्या बंद टाकीत असतो. एकदा व्होल्टेज काही केल्या चढेना, सारख्या ठिणग्या पडायच्या. शेवटी टाकी उघडली. आत टॉर्च मारून शोधलं तर सापडला काय, एक केस. टाकीत टोपी घातल्याशिवाय जायचं नाही असा सक्त नियम, त्यामुळे सगळे एकमेकांच्या डोक्याकडे बघायला लागले. माझी वेणी तर सगळ्यांच्या आधी नजरेत आली.

माधवरावांनी आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला. "चौकशी चालूं दे," ते म्हणाले. "मी जेवून येतों."

*

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, माधवराव मशीनला चंदनकुंकू लावतात आणि कोहळा ओवाळून बाहेर फोडतात. पण हॉलमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं रेडिएशन मोजावं लागतं. एका वर्षी नवीन सेफ्टी ऑफिसर होते, एकदम कडक. दारात त्यांनी माधवरावांना अडवलं.

"हॉलमधून आणला?"

"आमा, होय. कोहळा आहे."

साहेबांनी काउंटर घेऊन कोहळा सगळीकडून तपासला, वरचा कापूरसुद्धा. मग 'तपासले' असं लेबल लावून त्यावर सही केली.

"आतां फोडूं का?" माधवरावांनी विचारलं.

"फोडा. फक्त लेबल फाटू देऊ नका."

*

एवढं होईतो दुपार झाली आणि कल्याणीचा डोस, म्हणजे सॅम्पल्सवरचा ठरलेला मारा, पूर्ण झाला. माधवरावांनी बीम बंद केला. मला खरंच भरून आलं.

मग सॅम्पल्स ठेवलेला चेंबर उघडला. सॅम्पलचा नंबर नेहमी मागच्या बाजूला कोरतात, म्हणजे नीट बसवल्यावर तो कधी दिसायलाच नको. आम्ही वाकून पाहिलं तर एकूण एक नंबर आमच्याकडे तोंड करून बसलेले. धसक्यात पोरीने सगळी सॅम्पल्स उलटी बसवली होती.

आयन धातूत कागदाच्या जाडीइतकेही शिरत नाहीत. आरशासारखी घासलेली बाजू बीमपुढे नसेल तर मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखं काही उरत नाही. आणि घासलेली बाजू तर मागे राहिली होती. उद्यापासून मशीन बंद.

माधवराव स्टुलावर बसले. "अय्यो पोरी, हें काय केलंस?"

कल्याणीने चिमट्याने एक सॅम्पल उचललं, उजेडात धरलं आणि सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"दोन्ही बाजू घासल्यात, सर," ती म्हणाली. "माझा माझ्यावर भरवसा नाही."