पेवाला दाखवलेला दिवा

समजा, तुम्हाला पेव उघडायचं आहे. अंगणाच्या कोपऱ्यात, जमिनीच्या पोटात, भल्यामोठ्या माठासारखा खड्डा आहे. वर गळा अरुंद, खाली पोट मोठं. आत घरची ज्वारी. तोंडावर दगडाची चीप आणि चिपेवर शेणामातीचा जाड थर. तुम्ही पहारीनं थर फोडता, चीप सरकवता, गुडघ्यांवर बसून आत वाकून पाहता. काळोखाशिवाय काही दिसत नाही. आता कुणीतरी कमरेला दोर बांधून त्या गळ्यातून खाली उतरायचं आहे. उतरण्याआधी तुम्ही काय कराल?

धोंडबाला याचं उत्तर लहानपणापासून ठाऊक होतं. आधी दिवा दाखवायचा.

नागपूरकडून येताना पारशिवनीच्या अलीकडे, गावापासून जरा तुटून, नाल्याच्या काठी त्याचं शेत आणि शेतातच घर. घराच्या विटा त्यानं भाजल्या, कौलं त्यानं थापली. तिफण, वखर, बैलगाडीचं चाक, सगळं त्याच्या हातचं. गोठ्यामागं छोटीशी भट्टी होती आणि बकऱ्याच्या कातड्याचा भाता. विळे-कोयते तो तिथंच घडवायचा. अंबाडीचा दोर वळावा तर त्यानंच. शेळीचा पाय मोडला तर बांबूच्या कामट्या बांधून तो जोडायचा. बाजारातून घरात यायचं ते मीठ, घासलेट आणि लोखंड.

शेजारच्या शेतातला देवराव त्याला चिडवायचा, "धोंडबा, सगळं तूच करतं. चिता तेवढी रचायची राहिली गा तुही."

"लाकडं फोडून ठेवली आहेत," धोंडबा शांतपणे म्हणायचा.

हे सगळं त्याला आईनं शिकवलं होतं. बाप लवकर गेला. रुखमाबाईनं एकटीनं शेत आणि पोर सांभाळलं. तिच्या प्रत्येक कामाला एक नियम चिकटलेला असे. बांबू अंधाऱ्या पाखात, पौर्णिमा उलटल्यावरच तोडायचा. कोळशाची शेगडी निजायच्या खोलीत ठेवायची नाही, अग्नीला राग येतो. पेवात अन्नपूर्णा बसलेली असते, तेव्हा आधी कंदील सोडून तिला दिवा दाखवायचा. दिवा विझला तर तिचं मन नाही असं समजून पेव उघडं टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं. धोंडबा लहान असताना एकदा दिवा खरंच विझला होता. रुखमाबाईनं हात जोडले आणि त्या दिवशी घरात कण्या शिजल्या. "काहून?" असं विचारलं की ती म्हणायची, "असंच करतात." धोंडबाला ते पुरे. त्याचे हात हुशार होते. कारणावाचून त्यांचं कधी अडलं नव्हतं.

शेवटच्या आजारात रुखमाबाई बोलत असे ती सुनेशी, जयवंताशी. जयवंता तिचं अंग पुसायची, पेज भरवायची आणि ऐकायची. काय ऐकलं, ते धोंडबानं कधी विचारलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात घासलेटाची टंचाई होती. रेशनच्या दुकानासमोर रिकामे डबे रांगेत उभे असत. धोंडबा दोर विकायला नागपूरला गेला होता. जरीपटक्याच्या बाजारात एका दुकानदारानं त्याच्या डोक्यावर पोतं टाकलं आणि पोत्याखाली बॅटरी पेटवली. त्या अंधारात धोंडबाला आपल्या हातावरची रेष न् रेष दिसली. स्वतः करता येणार नाही अशी ती पहिलीच वस्तू त्यानं हौसेनं घरी आणली.

जयवंतानं काचेवर बोट ठेवून पाहिलं. "याले ऊन नाही लागत," ती म्हणाली. "कसला दिवा हा?"

"ना तेल, ना वात, ना धूर."

"अन् वाऱ्यानं?"

"वाऱ्यानं काय होते? तुफानात नेली तरी विझत नाही."

अंगणातलं पेव दिवाळीनंतर अर्धं काढून पुन्हा बंद केलेलं होतं. मधे हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला, तेव्हा तोंडावरच्या थराला एका बाजूनं ओल आल्यासारखी दिसत होती. धोंडबानं वरून माती लिंपली होती आणि विसरून गेला होता. आता घरातली कोठी रिकामी झाली, आणि लेकीच्या सासरची माणसं यायची होती.

सकाळच्या उन्हात तो आणि देवराव थर फोडायला बसले. पेवाच्या तोंडाशी नेहमी मुंग्यांची ओळ असते. त्या दिवशी एकही मुंगी नव्हती. ते धोंडबाच्या ध्यानात आलं आणि निघून गेलं. चीप सरकवली तेव्हा आतून ऊबदार वाफ तोंडावर आली, मोहाच्या भट्टीसारखा आंबूस वास घेऊन.

देवराव नाक मुरडून म्हणाला, "ज्वारी ठेवली होतीस का दारू गाळून राहिला गा?"

"वरची थोडी भिजली असन. खालची चांगली आहे."

धोंडबानं बॅटरी सुतळीला बांधली, पेटवली आणि सावकाश आत सोडली. उजेड भिंतीवरून घसरत खाली गेला आणि ज्वारीवर स्थिर झाला. जराही हलला नाही. कंदील कधी इतका निश्चल जळला नव्हता.

"पाह्य," धोंडबा म्हणाला. "अन्नपूर्णा खूश आहे."

धोंडबाचे खांदे आता त्या गळ्यात अडकायचे, म्हणून गेली काही वर्षं उतरायची ती जयवंता. तिनं लुगड्याचा काचा खोचला, कमरेला दोर बांधून घेतला. मग काठावर बसून ती आत पाहत राहिली.

"कंदील नाही का सोडत?"

"घासलेट कुठं आहे?"

"मग पणती तरी लावा. आई म्हणे..."

"आई असती तर तिनंच बॅटरी मागतली असती वं. पणतीहून चांगला उजेड दाखवून राहिलो मी तिच्या अन्नपूर्णेले."

देवराव हसला. जयवंतानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. ओठ उघडले होते तसे मिटले. पाय आत सोडून ती दिसेनाशी झाली.

दोरीला बांधून सोडलेलं पहिलं टोपलं अर्धंच भरून वर आलं. ज्वारी हाताला गरम लागत होती. धोंडबानं टोपलं रिकामं करून पुन्हा आत सोडलं. दोरी ढिली पडली आणि ढिलीच राहिली.

"जयवंता?"

"हं," खालून आलं. झोपेत कुणी द्यावा तसा हुंकार.

"भर ना वं."

उत्तर नाही. धोंडबानं आत डोकं घातलं. खाली बॅटरी तशीच लख्ख जळत होती. तिच्या उजेडात जयवंताचा तळहात दिसत होता, उताणा, बोटं अर्धी मिटलेली, त्यात चार दाणे. हात हलत नव्हता. उजेडही हलत नव्हता.

तो खांदे आवळून त्या गळ्यात घुसू लागला तेव्हा देवरावनं त्याचा पाय धरला. "तूही जाशील गा. ओढ. दोर ओढ."

दोघांनी दोर ओढला. स्वतः वळलेला दोर; तुटला नाही. पण निपचित देह कमरेतून दुमडून वर आला आणि गळ्याखाली अडकला. पुढं येईना. धोंडबा पालथा पडून हात घालत होता. केस लागत, खांदा लागे, पकड मिळत नव्हती, आणि त्याचंच डोकं गरगरायला लागलं. त्यानं तोंड बाहेर काढलं, दोन श्वास घेतले, आणि त्या श्वासातच त्याला कळलं की खाली कशाची कमी आहे.

"भाता आण," तो देवरावला म्हणाला. "अन् तिफणीचा नळा."

दोराचं टोक त्यानं अंगणातल्या खुंट्याला गुंडाळलं. भात्याच्या तोंडात बांबूचा पोकळ नळा ठोकला, सांध्यावर ओली माती दाबली, नळा जयवंताच्या तोंडाजवळ जाईल असा आत घातला. देवराव भाता दाबू लागला. कोयते तापवणारा वारा खाली जाऊ लागला. भात्याच्या फुसफुसण्याशिवाय अंगणात दुसरा आवाज नव्हता. धोंडबा कान लावून पडून होता. त्याच्या आयुष्यात त्यानं केलेली सगळी कामं त्या वेळी त्या एका नळ्यातून जात होती, आणि खालून काही येत नव्हतं.

मग खोकला आला. एक, आणि बऱ्याच वेळानं दुसरा.

"हात वर कर," धोंडबा म्हणाला. "जयवंता, हात वर कर वं माय." हात वर आला. आधी हात, मग डोकं, मग खांदे, असं त्यांनी तिला बाहेर काढलं. ओठ जांभळे पडले होते. पेवाच्या तळाशी बॅटरी जळतच राहिली होती. तिची सुतळी ओढायला कुणी गेलं नाही.

बैलगाडीनं तिला पारशिवनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं विचारून घेतलं. ओल्या धान्यानं आतली हवा खाऊन टाकली होती, जड विषारी हवा तळाशी साचली होती, असं त्यांनी समजावलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आधी कंदील सोडून पाहिला नव्हता का? तिथं ज्योत विझते. विझली की माणसानं उतरायचं नसतं."

परतीच्या वाटेवर बैल आपल्या चालीनं चालत होते आणि धोंडबाच्या डोळ्यांसमोर लहानपणी विझलेला तो कंदील होता. आईनं जोडलेले हात होते.

जयवंता जगली. चालते, बोलते, दळते. पण मधूनच तिचे हात थांबतात. धोंडबासोबत दोर वळताना पीळ कुठल्या बाजूनं घालायचा ते आठवत नाही. गुळाची कढई चुलीवरून उतरवायची वेळ, जी ती नुसत्या वासावरून सांगायची, ती निघून जाते. मग ती धोंडबाकडं पाहते आणि तो सांगतो.

पेव त्यानं बुजवून टाकलं. पण नियम घरभर उरले आहेत. पूर्वी ते त्याला ओळखीच्या माणसांसारखे वाटत, आता अंधारात उभ्या असलेल्या माणसांसारखे वाटतात. एकदा त्यानं मुद्दाम चांदण्या पाखात बांबू तोडला. दोन पावसाळ्यांत किडीनं त्याचा भुगा केला. एक नियम उलगडला. बंद खोलीत शेगडीही हवा खाते, हे डॉक्टरांच्या बोलण्यावरून त्याला उमगलं. बाकीचे तपासून पाहायची त्याची छाती होत नाही.

परवा जयवंता लाखोळीची, म्हणजे लाखेची डाळ भिजवत होती. गरम पाण्यात बराच वेळ ठेवून ते पाणी तिनं अंगणाच्या कडेला फेकलं आणि भांड्यात दुसरं घेतलं. रुखमाबाईही असंच फेकायची, कोंबड्यांना हाकलून.

"हे पाणी काहून फेकतं वं?" धोंडबानं विचारलं.

ती विचारात पडली. "असंच करतात," म्हणाली.

कोंबड्या ओल्या मातीकडं यायला लागल्या. धोंडबानं उठून त्यांना हाकललं आणि तो तिच्याजवळ येऊन बसला. पूर्वीही कितीदा विचारलं होतं, तेच त्यानं पुन्हा विचारलं.

"पेवात उतरताना तू म्हणत होतीस, आई म्हणे. मी बोलू नाही दिलं. आठवून पाह्य ना वं, जयवंता. काय म्हणे आई?"