लग्नाच्या सीडीतली अकरा सेकंदं

"तोंड दाखव, आवाज ठेव तुझ्याजवळ."

मागवाले दादा हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणत. समोर दूधवाला असो की डॉक्टर, बोलणाऱ्याने मान जरा वळवली की दादा हे ऐकवणारच. नवखा माणूस बावरे, गल्लीतले हसत आणि निमूट तोंड पुढे करत.

त्याला कारण होतं. दादांची छत्तीस वर्षं कापड गिरणीच्या विणकाम खात्यात गेली. तिथे चारशे माग एकदम धडधडायचे. त्या धडधडीत माणसाचा आवाज म्हणजे समुद्रात टाकलेला खडा. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलत. शब्द मोठा करायचा, सावकाश सोडायचा, वीस हातांवरून समोरच्याने तो ओठांवरून उचलायचा. कान कामातून गेले, पण डोळे ऐकायला शिकले. दादांची बायको तिथेच मागासाठी सुताच्या कांड्या भरायला होती. लग्न ठरलं तेही असंच, चार मागांच्या पलीकडून, एकाही शब्दाचा आवाज न करता.

त्या खात्यात एक रीत होती. कोणी बोलत असताना त्याच्याकडे पाठ करायची नाही. पाठ केली म्हणजे बोलणं तोडलं. शिवी दिलेली परवडे, पाठ नाही.

आणि दादांनी नेमकी तीच चूक केली होती.

भांडण क्षुल्लक होतं. घरात गाणी आणि सिनेमे लावायला काहीतरी घेऊ या, असं बायको म्हणत होती. दादा म्हणाले, "आपल्या दोघांचे कान असे. लावून कोणाला ऐकवणार, भिंतींना?" ती म्हणाली, "मी हात ठेवून ऐकेन." शेजारणीच्या स्पीकरवर तळहात ठेवून ती तासन्तास बसायची, हे दादांना ठाऊक होतं. तरी ते हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नात, भरल्या हॉलमध्ये, तिने लांबून तोच विषय काढला आणि दादांनी तिच्याकडे पाठ फिरवली. मग तीन दिवस घरात अबोला. चौथ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

चौदा महिन्यांनी भाचीने लग्नाची सीडी पाठवली. सूनबाईने ती शेजारच्या घरी लावून दादांना दाखवली. व्हिडिओवाल्याने सगळ्यावर सनईसारखं काहीतरी वाजवून ठेवलेलं. पाहुणे, खुर्च्या, फुलांची कमान. आणि मध्येच, एका खांबाशी, दादांची बायको. पुढे पाठमोरे दादा. ती त्यांच्या पाठीशी बोलत होती.

"गुणगुणतायत आई," सूनबाई म्हणाली.

दादांनी मान हलवली. "बोलतेय. मी पाठ केल्यावरही बोलतेय. काय बोलतेय ते मला हवंय."

पण चित्र भरभर जाई. पुढ्यातून मुलं पळत, कोणाचा तरी हात आडवा येई, आणि अकरा सेकंदांत सगळं संपे. त्या दिवसापासून दादांच्या घशाखाली घास उतरेना. सूनबाईचा नवरा बारा तासांच्या पाळ्या करून यायचा आणि आडवा व्हायचा. तेव्हा सासऱ्याला घेऊन दुकानात जायचं काम तिच्यावर आलं.

दुकानदार बोलघेवडा होता. "आजोबा, हा बघा साउंडबार. लावला की भिंती हादरतात."

"भिंती शांत आहेत, तशाच राहू दे," दादा म्हणाले. "सावकाश चालतं का?"

"कोण?"

"चित्र. माणूस बोलताना सावकाश दिसला पाहिजे."

दुकानदाराने टीव्हीला जोडायची नवी डबी काढली. तिच्यात जगातले सगळे सिनेमे होते, पण सीडी घालायला फट नव्हती. टॅबलेटची किंमत ऐकून सूनबाईनेच तो परत सरकवला. मोबाईलवर तोंड नखाएवढं दिसे. एका यंत्रात पुढे पळवायची चार बटणं होती, हळू करायचं एकही नाही.

"सगळ्यांना पळायला शिकवलंय," दादा म्हणाले. "थांबायला कोणी शिकवलं नाही का?"

शेवटी दुकानदाराने फळीवरून एक जुना, वापरलेला डीव्हीडी प्लेअर उतरवला. काळा, एका कोपऱ्यात चेपलेला. घरच्या जुन्या टीव्हीला लागणारा आणि सगळ्यांत स्वस्त. "यात स्लो आहे. निम्मा, पाव, त्याच्याही निम्मा. पण आधीच सांगतो, स्लो केलं की आवाज पूर्ण बंद होतो. मग तक्रार घेऊन येऊ नका."

दादा कितीतरी दिवसांनी हसले. "मग हाच बांध."

त्या दुपारी ते टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसले. ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. घरात चिटपाखरू नव्हतं, फक्त स्वयंपाकघरात सूनबाई. पडद्यावर बायकोचे ओठ पाण्याखाली हलावेत तसे हलू लागले. दादांचेही ओठ हलू लागले.

"काय म्हणतात?" सूनबाईने समोर येऊन विचारलं.

"'करा पाठ. मी बोलणार.'" दादांचे डोळे भरले. "एवढंच लागलं हाती. पुढे मुलगा आडवा आला."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "सूनबाई, दूध उतू चाललंय म्हणते."

सूनबाई धावली. दूध खरंच काठावर आलं होतं. गॅस बंद करून ती हसत बाहेर आली. "वास आला म्हणा की, बाबा."

"वास कुठला? नाक तरी कुठे धड आहे माझं?" दादांनी शांतपणे पडद्याकडे बोट केलं. "तिनेच सांगितलं. आणि आज मुलगा आडवा आला नाही."

सूनबाईचं हसू ओठांवरच राहिलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं, असं तिने स्वतःला समजावलं. नवऱ्याला सांगितलं तर तो कूस बदलून म्हणाला, "बघू दे गं. कोणाचं काय जातंय?"

पण दादांचं जेवण कमी होत चाललं होतं. स्टूल रोज टीव्हीच्या वीतभर जवळ जाई. सूनबाईला भीती वाटायची ती याची. हा माणूस असाच एक दिवस त्या काचेत शिरून जाईल. तिने ठरवलं, एकदा आपण बघायचं आणि काही नाही याची खात्री करून घ्यायची. लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षं या दोघांचं बोलणं बघत होती ती. ओठ थोडेफार तिलाही कळायचे.

दादा दाढी करायला खालच्या नळावर गेले तशी तिने सीडी लावली. चित्र सर्वांत हळू केलं. सनई थांबली. स्वतःचा श्वास तिला ऐकू येऊ लागला.

खांब आला. सासूबाई आल्या. त्या जरा डावीकडे, दादांच्या पाठीकडे बघत असत, हे तिला पक्कं आठवत होतं. आज त्या सरळ समोर बघत होत्या. अकरा सेकंदं केव्हाच उलटून गेली असतील, पण खांब तिथेच, सासूबाई तिथेच. मागचे पाहुणे मात्र सरकत होते. मग ओठ उघडले. मोठे, सावकाश शब्द, लहान मुलाला समजावे इतके सोपे.

"सूनबाई, बाजूला हो. मला ते दिसत नाहीत."

 सूनबाईने मान वळवली. मागे, दारात, दादा उभे होते. गालावर अजून साबणाचा फेस. ते केव्हा आले, तिला कळलंच नव्हतं.

तिचे पाय आपोआप बाजूला झाले.

दादा पुढे आले. स्टुलावर बसले नाहीत. पडद्यासमोर, विणकाम खात्यात उभे राहत तसे, पाय जरा फाकवून उभे राहिले आणि आवाज न करता ओठांनी म्हणाले, "वळलोय मी. बोल आता. सगळं बोल."

ती बोलली. खूप वेळ बोलली. सूनबाईला काही शब्द लागले, बरेचसे नाही. एकदा दादा मोठ्याने हसले, एकदा त्यांनी कान पकडला. शेवटी त्यांनी विचारलं, "आत्ता?" आणि पडद्यावर मान हलली.

दादांनी टॉवेलने फेस पुसला. खुंटीवरचा धुतलेला सदरा चढवला, बटणं नीट लावली.

"बाबा, कुठे निघालात? जेवण वाढते ना."

"ती खाली थांबलीय. उशीर नको." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं, सरकलीस."

"मी येते तुमच्याबरोबर."

"तू कशाला मध्ये?" ते मायेने म्हणाले. "चौदा महिन्यांचं बोलायचं राहिलंय."

तिने वाट अडवायला हवी होती. पण गेल्या चौदा महिन्यांत त्यांचा चेहरा इतका मोकळा तिने पाहिला नव्हता, आणि हात वर उचलला गेला नाही. जिन्यावर चपला वाजल्या. टीव्हीत हॉल होता, खुर्च्या होत्या, कमान होती. खांबाशी कोणी नव्हतं.

ती गॅलरीत धावली. भर दुपार होती, रस्ता लख्ख. दादा गल्लीतून चालले होते, कधी नव्हे ते सावकाश. मान डावीकडे वळवलेली, ओठ सारखे हलत होते. मध्येच ते थांबत, काहीतरी बघत, आणि मान डोलावून पुन्हा चालू लागत.

गल्लीच्या टोकाला शिंप्याचं मशीन रस्त्यावर आलेलं असे. दादा जवळ येताच शिंप्याने नेहमीसारखे पाय आवरले, गिऱ्हाइकासाठीचं स्टूल आत ओढलं. दादा पुढे गेले. शिंपी वर न बघता स्टूल तसंच धरून राहिला, आणखी एक माणूस सहज जाईल एवढा वेळ. मग त्याने मान वर करून वळणाकडे पाहिलं, आणि तो हळूहळू उठून उभा राहिला.