भाऱ्याला वाट आधी

फुई गेली तेव्हा मी डोंगरावर होते. झरी गावाच्या मागच्या टेकाडावर आमच्या सायकलवाटेचं तिसरं वळण पावसाने थोडं खचलं होतं, ते दगड लावून पुन्हा बसवत होतो. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, फुई उठत नाय," एवढंच बोलला. दुपारी जेवून ओट्यावर आडवी झाली, ती झालीच. मी धावत सुटले नाही. हातातला दगड जागेवर बसवला, पायाने ठोकून पाहिला, मग खाली उतरले. कोणाला हे विचित्र वाटेल... पण वळण अर्धं सोडून आले असते तर तिने मेल्यावरही मला शिव्या घातल्या असत्या. आज त्याला दीड महिना झाला.

बापाच्या बहिणीला आम्ही गुजरातच्या हद्दीजवळची माणसं फुई म्हणतो. माझी रमी फुई. नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली, आणि नंतरचं सगळं आयुष्य डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरी आणि डोंगरातून लाकडाचे भारे यात गेलं. शाळेची पायरी चढली नाही. मी आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर, आणि हे मी लाजत सांगत नाही. आठवीत मुलींना मिळणारी सायकल मला मिळाली, तिच्यावरून तलासरीची शाळा केली, पुढे डहाणूला कॉलेज. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा फुईने वाडीतल्या मुकादमाला कामाच्या मधेच थांबवलं. "आमची पोर बीए झाली. तुझ्यापेक्षा जास्त शिकली." मुकादम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

सायकलवाटेची कल्पना केतनभाईची. ज्या वाडीत फुई कामाला जायची त्या वाडीवाल्यांचा हा मुलगा. जाड टायरची सायकल घेऊन रविवारी आमच्या डोंगरात यायचा, अंगभर खरचटून परत जायचा. एकदा ग्रामपंचायतीत, जिथे मी संगणकावर काम करते तिथे, येऊन बसला. म्हणाला, डोंगरउतारावरून चालवायला नीट आखलेली वाट असेल तर मुंबईहून, सुरतेहून सायकलवाले येतील. त्यांना वाट दाखवायला माणूस लागेल, जेवण लागेल, सायकल दुरुस्त करणारा लागेल. आमच्या पाड्यातली तरणी पोरं रोज टेंपोत कोंबून हद्दीपलीकडच्या कारखान्यांत जातात. त्यातली निम्मी जरी घरी राहिली... मला पटलं. मी ठरवलं, ही वाट करायचीच.

फुईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "वाट तर हायच की डोंगरात," ती म्हणाली. "अजून कसली काढतेस?" मी तिला वळणं, उतार, पर्यटक असं बरंच समजावलं. ती ऐकत होती आणि मधेच विचारत होती, आमी लाकडाला कुठून जायचं? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागून बोलले, "फुई, हे तुला नाही कळायचं." ती "बरं" म्हणाली. बस्स. आजही तो "बरं" माझ्या कानात आहे.

मग आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर केतनभाई, त्याचे दोन मित्र आणि मी, दोन रविवार घालवून सगळा डोंगर टेपने मोजला आणि दगडांवर लाल रंगाचे ठिपके मारले. तिसऱ्या रविवारी गेलो तर एकही ठिपका दिसेना. दगड होते, पण प्रत्येक दगड उलटा केलेला. सगळा डोंगर, खालपासून वरपर्यंत. केतनभाईला वाटलं गुराख्यांचा खोडसाळपणा. मला खाली ओट्यावर बसलेली फुई दिसली, आणि तिच्याभोवती पाड्यातल्या सात-आठ बायका. मी खाली उतरून तिच्यापुढे उभी राहिले.

"आमीच उलटे केले," ती म्हणाली. लपवालपवी तिच्या स्वभावातच नव्हती. "तू शिकलेली ना? मग टेप आणि लाल रंग घेऊन आपल्याकडं कोण येतं, ते नाय आठवलं?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आमच्या भागात टेप आणि रंग घेऊन जो येतो तो जमीन न्यायला येतो. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, कशासाठी तरी. लहानपणी मी स्वतः बापाबरोबर असे दगड उपटले होते. खालच्या अंगाला एका शहरवाल्याने बंगला बांधून तारेचं कुंपण घातलं, तेव्हापासून आमच्या बायका पाण्याला वळसा घालून जातात. केतनभाईला हे माहीत नसणं समजू शकतं. मला माहीत होतं, आणि तरी मी ब्रश हातात धरला होता.

पाड्याची बैठक बसली. मी सायकलवाटेच्या ठरावाचा छापलेला कागद वाचून दाखवला. फुईने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "यात सायकलवाल्याची वाट लिहिलीय. आमची कुठं लिहिलीय?" मी म्हणाले, वाट सगळ्यांचीच राहील, ते लिहायची काय गरज. "जे लिहीत नाय ते जातं," ती म्हणाली. "कुंपणवाल्यानं पण तोंडानंच सांगितलं होतं." आणि मग केतनभाईकडे वळून, "शेठ, उद्या सकाळी आमच्यासंगं लाकडाला येता? आल्याबिगर हात वर नाय करणार आमी."

आला बिचारा. वाळकी लाकडं गोळा करण्यापर्यंत ठीक होतं. भारा डोक्यावर चढवला तेव्हा त्याचे पाय कापायला लागले. बायकांना हसू आवरेना. "शेठ, मान मोडंल, चिकूचा क्रेट नाय हा!" "आवं, खाली नका बघू, खाली आमी बघतो!" तो घामाने निथळत, एकेक पाऊल टाकत उतरत होता. नेमके त्याचे दोन मित्र वरून सायकली पिटाळत आले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, वाट तपासायला निघाले होते. केतनभाईला मान वळवता येईना, बाजूला होता येईना. चाकांचा आवाज जवळ आला तसा तो जिवाच्या आकांताने ओरडला, "उतरा! अरे उतरा सायकलवरून! डोक्यावर भारा आहे, दिसत नाही?"

ते थांबले. उतरले. सायकली धरून कडेला उभे राहिले. आम्ही सगळ्या त्यांच्यासमोरून एकामागून एक गेलो. फुई सर्वांत मागे होती. खाली पोचल्यावर केतनभाईचा भारा तिनेच उतरवून घेतला आणि मला म्हणाली, "आता लिही. हा बोलला ना, तसंच लिही."

आमच्याकडे हे कोणी शिकवत नाही, रक्तातच असतं. मोकळ्या हाताचा माणूस भारेवाल्याला वाट देतो, मग तो सरपंच असो की पाहुणा. भारा असलेल्याला थांबवत नाहीत, त्याच्याशी उभ्याने बोलत नाहीत. तो नियम आमच्या ठरावाचं पहिलं वाक्य झाला. दुसरं वाक्य, वाटेवर कुंपण, फाटक, साखळी काहीही लागणार नाही. ग्रामसभेत ठराव आला तेव्हा पहिला हात फुईचा होता, आणि तिचा हात वर गेल्यावर बायकांचे हात मोजायला मला दोनदा फिरावं लागलं.

त्यानंतर ती अशी काही कामाला लागली की आम्ही मागे पडलो. ठराव घेऊन गेलो तेव्हा तालुक्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी तिला विचारलं, आजी, तुम्ही सायकल चालवता का? ती म्हणाली, "नाय. पण वाट मी चालवते." आमची सगळी आखणी तिने मोडली. पाणी जिथून उतरतं तिथूनच आम्ही वाट काढली होती, एका पावसात गेली असती. तिने गुरं चढतात तशी तिरपी वाट धरली, काठीने रेघ ओढत पुढे, आम्ही फावडी घेऊन मागे. प्रत्येक घराने एक दिवस दिला. भाताच्या आवणीला, लावणीला, एकमेकांच्या शेतात जातो तसं. किनाऱ्यावरच्या धाकटी डहाणू गावाहून सुकी मासळी विकायला येणाऱ्या कोळणीलाही तिने अर्धा दिवस दगड उचलायला लावले. "पाटी घेऊन तुलाच उतरायचंय ना इथून?" आज पाड्यातले चार जण त्या वाटेवर काम करतात. चारच. मोठा आकडा सांगायची मला गरज वाटत नाही.

आता वाट शेजारच्या वेवजी गावाच्या बाजूला न्यायची आहे. तिथल्या पाड्याने नकार दिला, आणि शब्दही जवळपास फुईचेच. "कुंपण कधी घालणार ते सांगा आधी." केतनभाई म्हणाला, फुई असती तर... मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. फुई नाही. काम आहे.

तिचे दिवस झाल्यावर आईने तिच्या वस्तू वाटल्या. विळा काकूने नेला, लुगडी बायकांनी घेतली. कुडाच्या भिंतीवर खुंटीला चुंबळ तेवढी राहिली, भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांवर पट्ट्या, दगडासारखी घट्ट झालेली. ती मी घेतली. गेल्या सोमवारी फाइल घरी ठेवून वेवजीला गेले.

"कागद कुठाय?" तिथल्या म्हातारीने विचारलं.

"आणला नाही. तुमच्याबरोबर लाकडाला येते."

"ती बीए झालेली ना तू?" म्हातारी बाकीच्यांकडे बघून हसली. "चला, बीएला घेऊन जाऊ."

चुंबळ डोक्यावर ठेवली तर मला लहान झाली. एवढी मोठी फुई, आणि डोकं एवढंसं... इतक्या वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं. दोघींनी भारा उचलून चढवला, वजनाने चुंबळ पसरली आणि बसली. उतरताना समोरून एक माणूस मोकळ्या हाताने वर येत होता. ओळख ना पाळख, तरी तो कडेला झाला. मी पुढे गेले.

ठराव अजून झालेला नाही. त्यांनी उद्या पुन्हा बोलावलंय. लाकडालाच.