अडकलेल्या दोऱ्या

आमच्या गावात टेलिफोनला नंबर होते, पण ते सांगायची कोणाला सवयच नव्हती. हँडल फिरवायचं आणि 'दौलतरावाच्या अडतीत लाव' म्हणायचं. पुढचं एक्सचेंजमधला इंद्रभान बघे. मंगरूळपीरपासून शिरपूरपर्यंत कोणाचा फोन कुठे, सगळं त्याच्या डोक्यात. आमच्या बौद्धपुऱ्यातून सरकारी खुर्चीवर बसलेला तो पहिला माणूस. ज्यांच्या ओट्यावर त्याच्या बापाला कधी बसू दिलं नाही, तेच आता 'इंद्रभानभाऊ, जरा लवकर' म्हणून अजिजी करत. मला ते ऐकायला फार गोड वाटे, खोटं कशाला बोलू.

चौऱ्याहत्तर सालच्या कापसाच्या हंगामात एक्सचेंज बिघडलं. सकाळी ठीक चाले, गर्दी वाढली की ठप्प. दौलतरावांनी तर शिव्यांची खैरात केली. प्रेमसिंग मेकॅनिकने तारा तपासल्या, बॅटऱ्या बदलल्या. गर्दी झाली की पुन्हा तेच. फोन जोडायचा बोर्ड म्हातारा झाला, नवा मागवा, असं इंद्रभानचं म्हणणं.

शेवटी प्रेमसिंग बाजाराच्या दिवशी त्याच्या शेजारीच स्टूल टाकून बसला. दोन फोन जोडायचे तर दोरीची टोकं बोर्डाच्या भोकांत खोचायची आणि बोलणं संपलं की उपसायची, असं ते काम. दुपारपर्यंत सगळ्या दोऱ्या खोचलेल्या होत्या, आणि बोलत होते फक्त दोघं. बाकीच्या उपसायचं इंद्रभान विसरला होता. प्रेमसिंगने मुकाट्याने त्या उपसल्या. फोन धडाधड लागू लागले.

"सापडला ना दोष?" इंद्रभानने हसून विचारलं. मग त्याची नजर प्रेमसिंगच्या हातातल्या दोऱ्यांवर गेली आणि हसू मावळलं.

प्रेमसिंग जुना दोस्त. बोर्डच खराब आहे असं वर कळवतो म्हणाला.

"नको," इंद्रभान म्हणाला. "नवा बोर्ड येईन, पन बसनारा मीच राहीन. कोनाचा दवाखान्याचा फोन अडकला तं?"

त्याच दिवशी त्याने खुर्ची सोडली. पुढचं मला त्याच्या बायकोने, गंगूवहिनीने सांगितलं. घरी येऊन त्याने तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती जराही दचकली नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून तुमी मले भागिरथा म्हनून हाक मारता."

भागिरथा त्याची थोरली बहीण. लहानपणीच गेलेली.

"मंग तू बोलली काहून नाई?"

"कायले बोलू? मी ओ देत राह्यली."