डोळेवैद्याने सैल केलेली मर्यादा

कारखान्यात त्याला सगळे डोळेवैद्य म्हणत. मशीनचे डोळे तपासणं हेच त्याचं काम. इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर तांदळाच्या कणीएवढे भाग बसवणारं मशीन प्रत्येक भाग उचलून आधी कॅमेऱ्याला दाखवतं. ओळख पटली तर बसवतं, नाहीतर डब्यात फेकतं. फेकाफेकी वाढली की डोळेवैद्याला हाक. तो आधी भाग उचलणारं नोझल धुणार, कॅमेऱ्याची काच पुसणार, दिवा बघणार, आणि अगदी शेवटी मशीनमध्ये साठवलेल्या भागाच्या मापाला हात लावणार. "मशीन उगाच कुरकुरत नाही, आधी त्याचं ऐकून घ्या," हे त्याचं पालुपद. पोरं त्याच्याच नाकातल्या आवाजात त्याची नक्कल करायची.

एकदाच त्याने ऐकून घेतलं नाही. नव्या पुरवठादाराकडच्या भागांचं रीळ लागलं होतं, मशीन दर दुसरा भाग फेकत होतं आणि सुपरवायझर डोक्यावर मिरे वाटत उभा होता. डोळेवैद्याने ओळखीची मर्यादा सैल केली. म्हणजे भाग जरा वाकडा दिसला तरी मशीनने चालवून घ्यावं. दुपारी नीट माप घेऊ, असं त्याने ठरवलं. पण जेवणाच्या सुट्टीत घरून फोन आला, बायको जिन्यावरून पडली होती. तो तसाच धावला. चार दिवसांनी परतला तर मशीन गुणी बाळासारखं चाललं होतं. गुणी बाळाकडे कोण बघतो? तोही विसरला.

महिन्याभरात माल परत आला. भाग केसभर सरकले होते आणि त्यांच्या पोटाखालचे सोल्डरचे टाके एकमेकांना चिकटले होते. खापर फुटलं भिंगताईवर. एकोणीस वर्षं ती शेवटच्या टेबलावर भिंगातून एकेक बोर्ड तपासायची. पोटाखालचे टाके वरून घारीलाही दिसले नसते. हे डोळेवैद्याला ठाऊक होतं, आणि आता सैल केलेली मर्यादाही आठवली होती. पण चौकशीत तो मूग गिळून बसला. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही त्या भल्या माणसाच्या तोंडून फुटलं नाही.

"वय झालं माझं. डोळे गेले असतील," भिंगताई स्वतःच म्हणाली. तिला घरी बसवलं.

दोन वर्षं त्याला अन्न गोड लागलं नाही. शेवटी एका रविवारी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"या वैद्यबुवा! आज कुणाचे डोळे तपासायचे?" तिने हसून खुर्ची पुढे केली.

तो बसलाच नाही. उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं. "ताई, चूक माझी होती. तुमच्या डोळ्यांत काही दोष नव्हता."

पुढे केलेल्या खुर्चीत ती स्वतःच बसली.

"माझी थोरली बहीण आजारी होती," ती म्हणाली. "दिवसाला अकरा गोळ्या. मला तुझ्याकडे ने, म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, बाई गं, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, भलतीच गोळी देऊन बसेन. मग तिला वृद्धाश्रमात ठेवलं. गेल्या महिन्यात गेली. एकटीच होती."

"ताई, मी..."

"दोन महिने आधी आला असतास, तरी घरी आणलं असतं रे तिला."